तीच नळी

"मिस्त्री, मला तर तिन्ही एकसारखीच दिसतात," कणसे म्हणाले. "मग फरक कशात हाय, ते सांगा की."

दुकानातल्या मोठ्या टेबलावर हिरवं फडकं पसरून मी तीन पिस्तुलं ओळीनं मांडली होती. समोरच्या खुर्चीत कणसे बसले होते. त्यांचे पंधरा-वीस ट्रक होते, खडीच्या दोन खाणी होत्या, आणि पिस्तुलाचं लायसन्स नुकतंच हातात पडलं होतं. गल्ल्याजवळ अण्णा खटावकर, म्हणजे दुकानाचे मालक, चष्मा पुसत हसत होते. साताऱ्यात बंदुकीचं दुकान म्हटलं की लोक अण्णांचंच नाव घेत, आणि बंदुकीचा कारागीर म्हटलं की माझं. मी दस्तगीर शिकलगार. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार लावायचं आणि झिलई द्यायचं काम. माझ्या वाट्याला तलवारी आल्या नाहीत, बंदुका आल्या.

ही गोष्ट शहाण्णव सालची. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, आणि माझ्या हातांचा मला फार गर्व होता.

"दिसायला सारखी, कारण नकाशा एकच आहे," मी म्हणालो. "अमेरिकेत एका माणसानं हे पिस्तूल काढलं, त्याला आता ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं झाली. तिथल्या फौजेनं ते घेतलं. पुढं मोठं युद्ध लागलं आणि मूळ कंपनीला एवढी पिस्तुलं पुरवता येईनात. मग सरकारनं तोच नकाशा दुसऱ्या कंपन्यांना दिला. कुणाला? हे मधलं बघा, हे टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीनं केलंय."

"टाइपरायटर?"

"हो. आणि हे उजवीकडचं, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीचं. शिलाई मशीनवाल्यांनीसुद्धा थोडी बनवली होती, पण ती मी कधी बघितली नाहीत."

कणसे मोठ्यानं हसले. मला आवडलं ते. माझ्या कामात रस घेणारी माणसं कमी भेटायची. मी आणखी फुललो.

डावीकडचं मूळ कंपनीचं होतं, युद्धाच्या आधीचं, एका जहागीरदाराच्या घरातून दुकानात आलेलं. त्याची निळसर काळी झिलई अशी की तोंड बघून घ्यावं. सिग्नलवाल्यांचं त्याच्यापुढे साधं, पण कडा अगदी नेटक्या. टाइपरायटरवाल्यांचं राखाडी, खरबरीत, घाईत उरकल्यासारखं. हातात घेऊन वरचा भाग मागे ओढला की मात्र कळायचं, आतलं काम चोख आहे. कुठे खडखड नाही, कुठे अडकणं नाही. मी प्रत्येक पिस्तूल कणसेंच्या हातात दिलं, पकड दाखवली, घोड्याचा ताण दाखवला.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही," असं म्हणून मी तिन्ही पिस्तुलं खोलली. तिन्हींच्या नळ्या काढल्या, फडक्यावर एकत्र केल्या, वाट्टेल तशा फिरवल्या, आणि हाताला येईल ती नळी ज्यात त्यात बसवून तिन्ही पुन्हा जोडली. दोन-तीन मिनिटांत. "फौजेची अटच होती. कुठल्याही कंपनीचा भाग कुठल्याही कंपनीच्या पिस्तुलात बसला पाहिजे. मैदानात मोडलेल्या दोन पिस्तुलांचं एक चालू पिस्तूल करता आलं पाहिजे. चालवून बघा आता."

कणसेंनी रिकामं पिस्तूल खटकन ओढलं, सोडलं. तिन्ही तशीच चालली. "वा रे मिस्त्री!" म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अण्णांनी चहा सांगितला. मी पुन्हा पिस्तुलं खोलली आणि ज्याची नळी त्याच्यात घातली.

चहा पिता पिता कणसे पुढे झुकले. आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "ते कंपनीबिंपनी ठीक हाय. पण ह्यातलं जागृत कुठलं?"

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे, माणूस घेतलेलं कुठलं? आमच्याकडं खंडेनवमीला हत्याराची पूजा मोठी असते. आमच्या आज्याच्या तलवारीनं दोन मुडदे पाडलेत. तिच्यापुढं हात जोडताना अंगावर काटा येतो. कोरं हत्यार पुजून काय करायचं? कोरं हत्यार म्हंजे नुसतं लोखंड."

मी अण्णांकडे बघितलं. वाटलं, ते हसून विषय बदलतील. पण अण्णा टाइपरायटरवाल्यांच्या पिस्तुलाकडे बघत होते.

"ते मधलं," अण्णा म्हणाले. "पण ते विकायचं नाही. ते तोडायला आलंय."

ते पिस्तूल कॅप्टन जगदाळ्यांचं. खरं तर मी ते नुसतं तुलनेसाठी ठेवीच्या कपाटातून काढलं होतं, तिन्ही कंपन्यांचा फरक दाखवता यावा म्हणून. कॅप्टनसाहेब आमचं जुनं गिऱ्हाईक. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ते घराच्या पडवीत पिस्तूल साफ करायला बसले होते. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं त्यांनी धरलं. एक गोळी नळीत राहिली होती. समोर अंगणात त्यांची मुलगी दोरीवरचे कपडे काढत होती. वैजयंता तिचं नाव, घरात वैजू म्हणत. एकोणीस वर्षांची. एकुलती एक.

तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. त्यानंतर ते दुकानात कधी आले नाहीत. दोन वर्षांत गेलेच. कोर्टाचं सगळं संपून पिस्तूल त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे जगदाळेकाकींच्या ताब्यात आलं, तसं त्यांनी ते आमच्याकडे ठेव म्हणून दिलं आणि कलेक्टर कचेरीत अर्ज केला, की हे विकायचं नाही, माझ्यासमोर तोडायचं आहे. परवानगी त्याच आठवड्यात आली होती.

हे सगळं अण्णांनी कणसेंना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. वाळत घातलेले कपडे कुठल्या रंगाचे होते तेसुद्धा. अण्णा तिथे नव्हते, कपड्यांचा रंग त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. कणसे चहाचा कप हातात तसाच धरून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"कुवार होती?" त्यांनी विचारलं.

"कुवार," अण्णा म्हणाले.

मी पिस्तुलं गोळा करून आत नेली. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की अण्णांनी हे बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या अण्णा माझ्या कामाच्या टेबलापाशी येऊन बसले. ते कधी तिथे बसत नसत. माझे वडील गेल्यावर ह्याच माणसानं मला हाताशी धरलं होतं, पुण्याला पाठवून काम शिकवलं होतं, माझ्या लग्नात घरच्यासारखा राबला होता. त्यांना नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

"दस्तगीर, काल तू नळ्या बदलून दाखवल्यास ना?"

"हो."

"नंबर कशावर असतो?"

"बॉडीवर."

"नळीवर?"

"ह्यांच्या नळीवर नाही."

"मग बघ," अण्णा म्हणाले, आणि समोरची कानस उचलून उगाच बोटांत फिरवू लागले. "कणसेंना सिग्नलवालं पिस्तूल पसंत आहे. फक्त त्यात जगदाळ्यांची नळी बसवून पाहिजे. त्याची नळी जगदाळ्यांच्या पिस्तुलात घाल. मंगळवारी जगदाळेवहिनी येतील, त्यांच्या नंबरचं पिस्तूल त्यांच्यासमोर तुटेल. कचेरीचा माणूस नंबर बघून सही करेल. कणसेंना कणसेंचं मिळेल. कागदावर कुठे काही चुकतंय का?"

"कागदावर नाही चुकत," मी म्हणालो. "पण अण्णा, काकींनी..."

"अरे, काकींना काय कळणार आहे? त्यांच्या मनाचं समाधान व्हायचं ते होईलच की. लोखंडाला काय नाव असतं का? तूच काल म्हणालास, कुठलीही नळी कुठंही बसते."

मी म्हणालो होतो खरं.

मला कुणी धमकी दिली नाही. नोकरी जाईल असंही कुणी म्हणालं नाही. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "मी तुला आजवर कधी काही मागितलं का?" एवढंच म्हणाले आणि गल्ल्यावर जाऊन उदबत्ती लावली. त्यांनी टाकलेली कानस मी जागेवर ठेवली. मग कपाट उघडलं. कामाला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मंगळवारी सकाळी काकी आल्या. इंदुमती जगदाळे. पंचावन्न-छप्पन्नच्या असतील, उंच, ताठ, डोक्यावर पदर. हातात स्टीलचा छोटा डबा. कलेक्टर कचेरीतला कारकून आधीच येऊन बसला होता आणि अण्णा त्याला भज्यांचा आग्रह करत होते. कारकुनानं बॉडीवरचा नंबर कागदाशी ताडून बघितला, मान हलवली आणि पुन्हा बशीकडे वळला.

मी लोखंड पकडायच्या वाइसपाशी उभा होतो. काकी माझ्या शेजारी येऊन थांबल्या.

"दस्तगीरभाऊ, आधी नळी कापाल का?"

"कापतो की."

"बाकीचं तुम्ही नंतर काहीही करा. भंगारात घाला. मला नळीच पाहिजे."

मी पिस्तूल खोललं. नळी बाहेर काढून वाइसमध्ये धरली. काकींनी वाकून तिच्याकडे बघितलं. त्यांनी ती ह्याआधी कधी सुटी बघितली नसावी. बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"ही तीच ना?" त्यांनी विचारलं.

मागे अण्णा कारकुनाला चटणी वाढत होते. त्यांचा हात थांबल्याचं मला पाठीतून कळलं.

"हो काकी," मी म्हणालो. "तीच."

मग मी हॅक्सॉ चालवायला लागलो. कापताना लोखंडाची भुकटी खाली कागदावर पडत होती. काकी एकदाही हलल्या नाहीत, डोळे मिटले नाहीत. चार तुकडे झाले. कापून कापून गरम झाले होते, मी म्हणालो थांबा थोडं, पण त्यांनी ते तसेच हातावर घेतले. डब्यातून एक पुरुषी रुमाल काढला, पांढरा, घडी घातलेला. त्यात तुकडे ठेवले. कागदावरची भुकटीसुद्धा रुमालात झटकली आणि गाठ मारली.

"वैजूचं सगळं केलं आम्ही," त्या म्हणाल्या. "ह्यांचंही केलं. हे एवढं राहिलं होतं. आता इथून रिक्षानं माहुलीला जाते आणि संगमात सोडते."

"मी येऊ का बरोबर?" असं मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"नको. तुम्ही केलंत तेवढं खूप झालं." आणि जाताना वळून म्हणाल्या, "तुमचे हात चांगले आहेत, दस्तगीरभाऊ. देव बरं करो तुमचं."

त्या गेल्या. अण्णांनी भज्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. मी एक उचललं. आज भजं समोर आलं तर मी बशी बाजूला सरकवतो, पण त्या दिवशी मी ते खाल्लं. दोन खाल्ली.

पुढं महिन्याभरानं खंडेनवमी आली. कणसेंनी दुकानात माणूस पाठवून निरोप धाडला, मिस्त्रींनी पूजेला आलंच पाहिजे. अण्णा म्हणाले, जा, मोठं गिऱ्हाईक आहे.

कणसेंच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात लाल कापड अंथरून हत्यारं मांडली होती. दोन तलवारी, एक कट्यार, बारा बोअरची बंदूक, आणि सगळ्यात पुढे, चांदीच्या पाटावर, ते पिस्तूल. वरचा भाग मागे ओढून अडकवून ठेवलेला, म्हणजे पुढे आलेली नळी उघडी दिसावी. तिच्यावर झेंडूची माळ. पाटापाशी कापलेलं लिंबू. पंधरा-वीस माणसं होती, सगळी कणसेंच्या धंद्यातली, कडक इस्त्रीची. मागच्या अंगणात मटण शिजत होतं, त्याचा वास दिवाणखान्यात भरला होता.

कणसेंनी मला बघितल्याबरोबर हात धरून पुढे नेलं. "हे आमचे मिस्त्री! ह्यांनीच नळी घालून दिली."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकानं तर वाकून माझा हात हातात घेतला.

मग कणसे सांगायला लागले. अण्णांनी सांगितलेलं सगळं, आणि वर स्वतःचं. पडवी, अंगण, दोरीवरचे कपडे. "एकोणीस वर्सांची पोरगी. कुवार. देखणी. एकच गोळी. आवाजसुद्धा काढला नाही तिनं." बोलता बोलता त्यांनी दोन बोटं कुंकवाच्या करंड्यात बुडवली आणि नळीवरून सावकाश ओढली, टोकापासून मागेपर्यंत. मग करंगळी कुंकवात बुडवून नळीच्या तोंडात घातली आणि फिरवली.

"कुवाऱ्या पोरीचं रगत प्यालेलं हत्यार," ते म्हणाले. "अख्ख्या जिल्ह्यात दुसरं दाखवा."

एकेक जण पुढे येऊन नळीला हात लावून तो कपाळाला लावू लागला. एक जाडा माणूस, सोन्याच्या अंगठ्या घातलेला, डोळे मिटून पुटपुटला, "आई, कृपा असू दे." त्या मुलीलाच तो आई म्हणत होता. तिचं नावही त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्यानं विचारलं, "दिसायला कशी होती म्हणता?" आणि दोघं-तिघं हसले.

मी कसाबसा मागच्या दारानं बाहेर आलो. तिथं मटणाच्या हंड्यावर बायका वाकल्या होत्या. त्यांना ओलांडून मी उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे गेलो आणि चाकाला धरून ओकलो.

मान वर केली तर मागे कणसे. पोट धरून हसत होते. "काय वो मिस्त्री! शिकलगाराला हत्याराची पूजा पचंना व्हय?" मग रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे घिऊन जा. नळीत कुंकू गेलंय, गंज धरंल. साफ करून दसऱ्यानंतर आणून द्या. पण मायंदाळ घासू नका हां. आतलं तसंच ऱ्हाऊ द्या."

आतलं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा रेहाना, माझी बायको, दारातच म्हणाली, "तोंड असं का झालंय? आजारी आहेस का?" मी आत गेलो. चार वेळा साबण लावून हात धुतले. दसऱ्याचा दिवस असाच गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा येण्याआधी मी दुकान उघडलं. कणसेंचं पिस्तूल खोललं. नळीतून काडीला चिंधी गुंडाळून फिरवली, तर तेलात कालवलेलं कुंकू चिंधीवर आलं. पुन्हा फिरवली, पुन्हा आलं. लाल, चिकट. पाच-सहा चिंध्या झाल्या तरी येतच होतं. ते कुंकू आहे हे मला माहीत होतं. तरी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काडी खाली पडली.

मी उठून कपाटातून मूळ कंपनीचं पिस्तूल काढलं. जहागीरदाराचं, झिलईचं, अण्णांच्या जिवाचा तुकडा. त्याची नळी काढली. चकाकी जाऊन ती मळकट दिसावी म्हणून बारीक पॉलिश पेपर फिरवला. कणसेंच्या पिस्तुलात बसवली. चालवून बघितलं. खटक्यात बसली.

जगदाळ्यांची नळी मी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली.

दुपारी कणसेंकडे जाऊन पिस्तूल देऊन आलो. त्यांनी ते हातात तोललं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बघितलं? पूजेनंतर वजनच येगळं लागतं." पुढची कितीतरी वर्षं ते त्या कोऱ्या नळीला कुंकू लावत राहिले, पाहुण्यांना तीच गोष्ट सांगत राहिले. गोष्ट बंद व्हावी असं काही मला करता आलं नाही.

परत येऊन अण्णांना सांगितलं. मूळ कंपनीच्या पिस्तुलाची नळी मी काढली, कणसेंच्यात घातली, त्यांच्यातली माझ्याकडे आहे. सगळं सरळ सांगितलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मला ओळखत नसल्यासारखं. "तू माझ्या दुकानात चोरी केलीस?" ते म्हणाले. "माझ्या? दस्तगीर, तू?"

"हो."

"त्या पिस्तुलाची आता काय किंमत राहिली? कशासाठी केलंस? कुणाला कळणार होतं?"

त्यांना खरंच समजत नव्हतं. मी दुकानाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. पोलिसांत जायची त्यांना सोय नव्हती, आणि ते गेलेही नाहीत. वीस वर्षांनी त्यांच्या मयताला मी गेलो होतो, लांब उभा राहिलो.

दुकानातून निघालो तो तसाच गोडोलीला, काकींच्या घरी. दुपार कलायला लागली होती. काकी पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या. "या या, दस्तगीरभाऊ. पाणी आणते."

"काकी, पाणी नको. आधी ऐका."

पायरीवर उभ्या उभ्याच मी सांगितलं. नळी बदलली ते सांगितलं, का बदलली ते सांगितलं, ती कुठे होती ते सांगितलं. कुंकवाचं सांगितलं नाही. मग वाटलं, तेही लपवलं तर आणखी एक खोटं होईल, म्हणून तेही सांगितलं. त्या मुलीला आई म्हणणाऱ्या माणसाचं मात्र माझ्या तोंडातून निघालं नाही.

काकी सुपाकडे बघत होत्या.

"म्हणजे माहुलीला मी काय सोडलं?"

"दुसरी नळी, काकी."

"कुणाची?"

"विकायच्या पिस्तुलातली. आधी कुणाची होती, माहीत नाही."

"मी तिथं बसून रडले," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. "पाण्यात उभी राहून वैजूशी बोलले. म्हटलं, बाई, संपलं आता."

मी पिशवीतून फडकं काढून उलगडलं. "ही ती. अल्लाची शपथ, ही तीच आहे." आणि म्हणालो, "मी हॅक्सॉ आणलाय. तुमच्यासमोर कापतो."

"ठेवा ती खाली," काकी म्हणाल्या. "तुम्ही नाही. मी कापते."

अंगणात धुण्याचा दगड होता. घरात वाइस नव्हता, तेव्हा नळी दगडावर दोन्ही हातांनी दाबून मी धरली. काकींनी पदर खोचला, हॅक्सॉ घेतला. त्यांनी तो कधी हातात धरला नव्हता. पहिल्यांदा पातं नुसतंच घसरायचं, लोखंडावर पांढरा ओरखडा उठायचा. मी म्हणालो, पुढे ढकलताना जोर द्या, मागे घेताना नको. त्या तसं करायला लागल्या. हळूहळू खाच पडली.

किती वेळ लागला सांगता येत नाही. शेजारची एक बाई कुंपणाशी आली, बघून निघून गेली. काकींचा श्वास लागला होता, कपाळावरचा घाम नाकावरून टपकत होता. मी एकदा म्हणालो, "थोडं मी करू का?" त्या ऐकायलाच तयार नव्हत्या. एकदा पातं सटकलं आणि माझ्या अंगठ्यात रुतलं. रक्त दगडावर आलं. त्यांनी ते बघितलं. थांबल्या नाहीत. मीही हात काढला नाही.

शेवटी नळी दुभंगली. अर्धा तुकडा दगडावरून घरंगळून मातीत पडला.

काकी उभ्या राहिल्या. कमरेला हात लावून थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग वाकून दोन्ही तुकडे उचलले. ह्या वेळी रुमाल काढला नाही. ओच्यात टाकले.

"मी रिक्षा बोलावतो," मी म्हणालो. "माहुलीला..."

"नको."

त्या पायऱ्या चढून पडवीत गेल्या. दाराशी पोचल्यावर वळल्या. माझ्या अंगठ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं, नीट.

"त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात ना," काकी म्हणाल्या, "तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, माझ्या पोरीसाठी आलंय. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.